मलाक्का : वाऱ्यासाठी थांबणाऱ्यांचे बंदर

क्वालालंपूरच्या दक्षिणेला, बसने साधारण दोन तासांवर, मलाक्का नदीच्या मुखाशी हे शहर आहे. सहल कंपन्यांच्या कार्यक्रमांत त्याच्या वाट्याला एखादी दुपार येते. लाल चौकात छायाचित्रे काढायची, एक वाटी चेंडोल खायचे आणि अंधार पडायच्या आत राजधानीत परतायचे. मी आणि माझी आई मात्र शुक्रवारी संध्याकाळी जाऊन रविवारपर्यंत तिथेच राहिलो, आणि त्याला एक कारण होते. तोमे पिरेस नावाचा एक पोर्तुगीज औषधी व्यापारी १५१२ ते १५१५ या काळात मलाक्कात होता. बंदरात कुठकुठले लोक व्यापाराला येतात याची त्याने लांबलचक यादी करून ठेवली आहे. तिच्यात कैरो, मक्का, एडन, होर्मुझ, आर्मेनिया, गुजरात ही नावे जशी आहेत तशीच चौल, दाभोळ, गोवा आणि दख्खनचे राज्य हीही आहेत. चौलला लागून असलेल्या रेवदंड्याच्या खाडीकाठी ज्याचे लहानपण गेले, त्याने चौलची माणसे पाचशे वर्षांपूर्वी जिथे माल उतरवत होती ते बंदर एकदा तरी नीट पाहावे, असे मला फार दिवसांपासून वाटत होते.

शुक्रवार, संध्याकाळ

आमचे राहण्याचे ठिकाण नदीच्या पश्चिमेकडच्या जुन्या वस्तीत, हीरेन स्ट्रीटवर होते. डच काळापासून श्रीमंतांची म्हणून ओळखली जाणारी ही गल्ली अरुंद आहे आणि तिच्यावरची घरे त्याहून अरुंद आहेत. दर्शनी बाजू जेमतेम दोन खिडक्यांची, आणि आत शिरावे तर घर संपतच नाही. घराच्या दर्शनी रुंदीवर कर असल्यामुळे लोकांनी खोलवर घरे बांधली, असे इथे सांगतात. मध्ये उघडा चौक, त्यात पावसाचे पाणी उतरण्याची सोय आणि चौकाभोवती खोल्या, हे पाहून आईला तिच्या आजोळच्या वाड्याची आठवण झाली. पूर्वी या रांगेतल्या घरांच्या मागच्या भिंतीला समुद्र लागत असे. आता भराव घालून समुद्र पुष्कळ लांब ढकललेला आहे आणि मागच्या दाराबाहेर रस्ते आणि इमारती आहेत.

शेजारच्या जोंकर स्ट्रीटवर शुक्रवार, शनिवार आणि रविवार या तीन संध्याकाळी रस्ता वाहनांना बंद करून बाजार भरतो. गर्दी, कर्णे आणि प्लास्टिकची खेळणी यांचा तिटकारा असेल तर एक फेरी पुरे. मात्र खाण्याच्या गाड्यांसाठी ती फेरी जरूर मारावी. पुतू पिरिंग करणाऱ्या एका बाईंसमोर आम्ही बराच वेळ उभ्या राहिलो. बशीएवढ्या धातूच्या साच्यात त्या ओलसर तांदळाची पिठी भुरभुरत, मधे काळपट गुळाचा चुरा ठेवत, वर पुन्हा पिठी घालून बोटाने कड सारखी करत, मग साचा फडक्यात गुंडाळून वाफेच्या भोकावर ठेवत आणि वर शंकूच्या आकाराचे झाकण घालत. दोनेक मिनिटांत पांढरीशुभ्र चकती तयार होऊन पानाच्या तुकड्यावर यायची आणि तिच्यावर किंचित मीठ लावलेले ओले खोबरे पडायचे. तांदळाची पिठी, गूळ, खोबरे आणि वाफ एवढ्या सामग्रीला कोकणातल्या बाईने परके मानावे तरी कसे? आईने पहिला घास घेतला आणि निकाल दिला, "सारण आत घालायचं सोडून अर्धं बाहेर ठेवलंय, एवढंच." हा गूळ नारळाच्या झाडाच्या रसाचा असतो, त्याला गुला मलाक्का म्हणतात, आणि जवळपास प्रत्येक स्थानिक गोड पदार्थात तो असतो.

शाकाहारी मंडळींनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. 'फक्त भाजी' म्हणून समोर येणाऱ्या पालेभाजीतही बेलाचान, म्हणजे बारीक कोळंबी आंबवून केलेला गोळा, बहुधा असतो. बेलाचान नको असे स्पष्ट सांगावे लागते. ते जमत नसेल तर केळीच्या पानावर जेवण वाढणारी तमिळ उपाहारगृहे आणि चिनी शाकाहारी खानावळी हा सोपा मार्ग आहे.

शनिवार, सकाळ

इथे सूर्य सात वाजल्यानंतर उगवतो आणि नऊ वाजता उन्हाचा चटका बसू लागतो. विषुववृत्त जेमतेम अडीच अंशांवर असल्यामुळे थंड ऋतू असा नाहीच, म्हणून टेकडीवरचे सगळे पाहणे या मधल्या दोन तासांत उरकावे. आम्ही पूल ओलांडून लाल चौकात गेलो तेव्हा चालक आपल्या तीनचाकी सायकलरिक्षा पुसत होते. दिवसभर त्यांच्यावर मोठ्या आवाजात गाणी वाजतात आणि त्या कापडी बाहुल्यांनी व प्लास्टिकच्या फुलांनी इतक्या लदलेल्या असतात की बसणारा माणूस त्यांत शोधावा लागतो.

चौकातला स्टाडहाउस हा डच गव्हर्नरांचा वाडा १६५० च्या सुमाराचा आहे. त्याच्या शेजारचे क्राइस्ट चर्च डचांनी मलाक्का जिंकल्याला शंभर वर्षे झाल्याबद्दल १७४१ मध्ये बांधायला घेतले आणि १७५३ मध्ये पुरे केले. आज सगळ्या छायाचित्रांत दिसणारा लाल रंग नंतरचा आहे. डचांच्या वेळी या इमारती पांढऱ्या होत्या. चर्चच्या छताच्या तुळया पाहण्यासारख्या आहेत. प्रत्येक तुळई एकाच झाडाची, मधे कुठे सांधा नाही. मला मात्र तिथल्या जमिनीने अधिक वेळ थांबवले, कारण फरशीत बसवलेल्या जुन्या थडग्यांच्या शिळांत आर्मेनियन लिपीतलीही एक आहे. पिरेसच्या यादीतली माणसे अशी अधूनमधून पायाखाली भेटतात.

चर्चच्या मागून पायऱ्या सेंट पॉलच्या टेकडीवर जातात. आईचे गुडघे लक्षात घेऊन आम्ही त्या सावकाश चढलो. वर १५२१ मध्ये पोर्तुगीजांनी बांधलेल्या चर्चच्या भिंती उभ्या आहेत. छप्पर केव्हाच गेले. खालचे नवे चर्च झाल्यावर डचांनी या जागेचा दफनभूमी म्हणून वापर केला. पुरुषभर उंचीच्या काळ्या शिळा आता भिंतींना टेकवून उभ्या केल्या आहेत, आणि त्यांच्यावर गलबते, घराण्यांची चिन्हे आणि कवटीखाली फुली मारलेली हाडे इतकी ठसठशीत कोरली आहेत की बोट फिरवून वाचता यावीत.

गाभाऱ्याच्या जागी जाळीने झाकलेला एक रिकामा खड्डा आहे. फ्रान्सिस झेवियर ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या शांगच्वान बेटावर वारले. १५५३ मध्ये त्यांचा देह जहाजाने मलाक्काला आणून याच खड्ड्यात काही महिने ठेवला होता, आणि मग तो गोव्याला गेला. जुन्या गोव्यात बॉम जीझस बॅसिलिकेतली चांदीची पेटी पाहिलेल्या गोव्या-कोकणच्या माणसाला ही अर्धी गोष्ट इथे येऊन पुरी झाल्यासारखी वाटते. जाळीवर लोक नाणी टाकतात. आमच्यासमोर एका चिनी कुटुंबातल्या मुलाने टाकलेले नाणे जाळीवरच अडकले आणि ते आत पाडण्यासाठी त्याच्या आजोबांनी छत्रीचे टोक वापरले. बाहेर झेवियर यांचा १९५२ मध्ये बसवलेला संगमरवरी पुतळा आहे, त्याचा उजवा हात नाही. पुतळा बसला आणि लगेच त्याच्यावर झाड कोसळले, असे सांगतात. खऱ्या देहाचाही उजवा हात १६१४ मध्ये रोमला पाठवण्यासाठी वेगळा केलेला असल्याने प्रत्येक वाटाड्या ही जोडी मोठ्या रंगात येऊन सांगतो.

टेकडीच्या पलीकडच्या पायथ्याशी किल्ल्याचा दरवाजा आहे, आणि किल्ला म्हणून पाहण्यासारखे जवळजवळ तेवढेच शिल्लक आहे. पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा आणि पुढच्याच वर्षी मलाक्का घेतले. मशिदी आणि सुलतानांची थडगी पाडून मिळालेला दगड त्याने तटबंदीला वापरला. १६४१ मध्ये डचांनी हा किल्ला घेतला, म्हणून पोर्तुगीज कमानीवर आज डच ईस्ट इंडिया कंपनीचे चिन्ह आणि १६७० हे साल दिसते. पुढे इंग्रजांनी १८०७ मध्ये सुरुंग लावून तट उडवायला घेतला; हा दरवाजा वाचला त्याचे श्रेय स्टॅमफर्ड रॅफल्स या इंग्रज अधिकाऱ्याला देतात. पूर्वी समुद्राच्या लाटा जिथपर्यंत येत होत्या तिथे आता मैदान, वाहनतळ आणि दुकानांचे मोठे संकुल आहे. रेवदंड्याचा तट नारळीच्या वाड्यांना वेढून अजून उभा आहे आणि कोर्लईचा डोंगर अजून पाण्यात पाय सोडून आहे, म्हणून आपल्याकडच्या माणसाने केवळ किल्ल्यासाठी इतक्या लांब येऊ नये, असे माझे स्पष्ट मत झाले.

शनिवार, दुपार

अकरानंतर आडोसा शोधावा. नदीच्या मुखाजवळ फ्लोर दे ला मार या जहाजाची लाकडी प्रतिकृती उभी करून तिच्यात सागरी संग्रहालय केले आहे. मलाक्काची लूट घेऊन परतताना मूळ जहाज १५११ मध्येच सुमात्राच्या किनाऱ्याजवळ बुडाले. आतल्या मांडणीवर खूप वेळ घालवण्याचे कारण नाही, पण व्यापारी वाऱ्यांचा नकाशा समजून घ्यावा, कारण हे शहर का झाले याचे उत्तर त्यात आहे. गुजरात, कोकण आणि मलबारची जहाजे पश्चिमेकडून एका वाऱ्यावर येत. चीनची जहाजे ईशान्येकडून दुसऱ्या वाऱ्यावर येत. आणि परतीचा वारा सुटेपर्यंत दोघांनाही सामुद्रधुनीच्या कुशीत महिनोन् महिने थांबावे लागे. थांबलेल्या माणसाला वखार लागते, देऊळ किंवा मशीद लागते, स्वयंपाक लागतो आणि पुष्कळदा संसारही लागतो. सुलतानांनी तर परदेशी व्यापाऱ्यांसाठी चार बंदर-अधिकारी नेमले होते आणि त्यांतला एक केवळ गुजरात्यांसाठी होता. या बंदरात चौऱ्याऐंशी भाषा कानावर पडतात, असे पिरेसने लिहून ठेवले आहे.

शहराच्या जन्माची दंतकथाही थांबण्याचीच आहे. परमेश्वर नावाचा एक राजपुत्र सुमात्राकडून परागंदा होऊन इथे आला आणि नदीकाठी झाडाखाली विसावला. तेवढ्यात एका इवल्याशा हरणाने त्याच्या शिकारी कुत्र्याला लाथ मारून पाण्यात पाडले. जिथे हरिणही असे धीट आहे तिथेच राज्य वसवावे असे त्याने ठरवले आणि झाडाचे नाव गावाला दिले. हे सारे इसवी सन १४०० च्या सुमाराचे. ते झाड दाखवा म्हटल्यावर एका बागेत आम्हाला दाखवले, तेव्हा आई खालून पान चुरगाळून म्हणाली, "अगं, हा तर आवळा!" आणि तो खरोखरच आवळा आहे.

दोनच्या सुमाराला आभाळ फाटावे तसा पाऊस आला. आमच्या आषाढातल्यासारखी त्याची चाहूल लागत नाही. ऊन असतानाच पहिले थेंब पडतात आणि पाच मिनिटांत गटारे तुडुंब भरतात. जुन्या वस्तीत प्रत्येक घरापुढे छपराखालून जाणारी पाच फुटी पडवी आहे. तिच्यातून चालत आम्ही चेंडोलच्या दुकानात शिरलो. किसलेला बर्फ, नारळाचे दूध, तांदळाच्या पिठाच्या हिरव्या शेवया आणि वरून ओतलेला पातळ गूळ. साखर कमी घालणारी दुकाने शोधू नयेत, गुळाशिवाय त्यात काही नाही. छत्री बरोबर असावीच, आणि फोन चार्ज करायला इंग्लंडसारखी चौकोनी तीन पायांची पिन लागते, तीही निघतानाच घ्यावी.

शनिवार, संध्याकाळ

मलाक्कात मला सर्वांत जवळचे वाटलेले ठिकाण म्हणजे जोंकर स्ट्रीटला समांतर असलेली देवळांची गल्ली. गणपतीचे मंदिर, मशीद आणि चिनी देऊळ ही तीन स्थाने तिथे चालत पाच मिनिटांच्या आत एकामागून एक येतात.

मंदिर १७८१ चे आहे. डचांनी दिलेल्या जमिनीवर चेट्टी समाजाच्या पुढाऱ्याने ते बांधले. इथले चेट्टी म्हणजे व्यापाराला येऊन राहिलेल्या आणि स्थानिक बायकांशी लग्न केलेल्या तमिळ व्यापाऱ्यांचे वंशज. त्यांची घरची भाषा मलय आहे, पोशाख मलय आहे आणि धर्म मात्र शैव हिंदू. आरतीच्या वेळी आमच्या शेजारी सारोंग आणि केबाया नेसलेल्या एक आजी उभ्या होत्या. कपाळावर भस्म, केसांत मोगरा. आईने हात जोडून तिच्या सवयीप्रमाणे अथर्वशीर्ष पुटपुटायला सुरुवात केली तशा त्या सरकून जवळ आल्या आणि संपेपर्यंत ऐकत राहिल्या. तमिळ त्यांना येत नव्हते, आम्हाला मलय येत नव्हते, आणि इंग्रजी त्यांच्याकडे होते तेवढेच आईकडेही. तरीही दोघींनी एकमेकींना नातवंडांची छायाचित्रे दाखवली, आणि जाताना आजींनी केसांतला अर्धा गजरा तोडून आईच्या हातावर ठेवला.

थोडे पुढे कांपुंग क्लिंग मशीद, तीही डचांच्या अमलातली, १७४८ ची. भारतीय मुसलमान व्यापाऱ्यांच्या वस्तीतली ही मशीद घुमटाची नाही. सुमात्रा पद्धतीचे एकावर एक तीन उतरते छप्पर तिला आहे, मिनार चिनी पॅगोड्याच्या अंगाने जातो, आत युरोपीय घडणीचे खांब आणि भिंतींना चकाकत्या परदेशी फरशा आहेत. नमाजाची वेळ टाळून गेल्यास पाहुण्यांना आवारात येऊ देतात. अंगभर कपडे आणि डोक्यावर ओढणी घ्यावी. त्यापुढचे चेंग हून तेंग हे सतराव्या शतकातले, मलेशियातले सर्वांत जुने वापरातले चिनी देऊळ. तिथे मान वर करून छपराच्या कडा पाहाव्यात. ड्रॅगन, मोर आणि फुले ही सारी नक्षी चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे कापून आणि बसवून केलेली आहे. एका मोराच्या पिसाऱ्यात कपाच्या काठावरची निळी रेघ अजून स्पष्ट ओळखू येते.

युनेस्कोने २००८ मध्ये मलाक्का आणि जॉर्ज टाउन यांना मिळून जागतिक वारशाचा दर्जा दिला, तो या मिसळीसाठीच योग्य वाटतो. जिंकणाऱ्यांच्या वस्तू टेकडीवर भग्न आहेत. थांबलेल्या व्यापाऱ्यांच्या देवळांत मात्र त्या संध्याकाळी तिन्ही ठिकाणी दिवे लागले होते.

रात्री नदीतली बोट घेतली. फेरी पाऊण तासाची असते आणि घरांच्या मागच्या भिंतींवरची चित्रे दिव्यांत बरी दिसतात. कांपुंग मोर्तेन ही खांबांवर उभ्या लाकडी मलय घरांची वस्ती मात्र दिवसाउजेडी चालत जाऊनच पाहावी. बोटीतल्या लहान मुलांचे सारे लक्ष काठावर सुस्त पडलेल्या एका दणदणीत घोरपडीकडे होते, आणि माझेही.

रविवार

शेवटची सकाळ आम्ही पोर्तुगीज वस्तीसाठी ठेवली होती. शहरापासून तीनेक किलोमीटरवर, समुद्राकाठी, १९३० च्या दशकात वसवलेली ही वसाहत आहे. टॅक्सीच्या ॲपवरून गाडी लगेच मिळते. इथले क्रिस्तांग लोक पोर्तुगीज आणि स्थानिक यांच्या लग्नसंबंधांतून झालेल्या समाजाचे आहेत आणि क्रिस्तांग हीच त्यांची पोर्तुगीजजन्य भाषा. पिढ्यान् पिढ्यांचा धंदा मासेमारीचा. दोन बांबूंना लावलेले जाळे उथळ पाण्यात ढकलत ते जवळ्यासारखी बारीक कोळंबी पकडत आणि तिचे बेलाचान करत. भरावामुळे उथळ पाणी आटत गेले आणि धंदा बसला, हे गाऱ्हाणे ऐकताना आम्हाला दुभाष्याची गरज पडली नाही.

चौकातल्या एका उपाहारगृहात मी देबाल कढी मागवली. लाल मिरची, मोहरी आणि व्हिनेगर यांचा तो रस्सा गोव्याच्या विंदालूचा भाऊ शोभतो, फक्त अधिक तापट. आईने भात आणि तळलेली वांगी घेतली. शेजारच्या बाकावर बसलेले सत्तरीचे एक निवृत्त मासेमार आमची चौकशी करू लागले. मी सांगितले की आमच्या गावाच्या खाडीपलीकडे कोर्लई म्हणून गाव आहे. १७४० मध्ये मराठ्यांनी रेवदंडा घेतला, पोर्तुगीज निघून गेले, पण तिथल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजपासून झालेली बोली अजून घरात बोलतात, आता तिच्यात मराठी पुष्कळ मिसळले आहे. त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी आतून मुलाला बोलावले, मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावले, फोनवर नकाशा उघडून कोर्लई बोटाने मोठे करून पाहिले आणि मग एकच मागणी केली : त्या लोकांचा आवाज ऐकायचा आहे.

परतल्यावर कोर्लईच्या एका मैत्रिणीला सांगून तिच्या आईचे दोन मिनिटांचे बोलणे मी ध्वनिमुद्रित करून त्यांना पाठवले. विषय मासळीचे वाढलेले भाव हा होता. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाचा निरोप आला. बाबांनी ते सात-आठ वेळा ऐकले, काही शब्द अगदी घरचे वाटतात म्हणाले, मात्र त्या बाईंना कृपया सांगा की पुढच्या वेळी जरा सावकाश बोला.